गुरांचा क्षय: दोष गोठ्याचा की बाजाराचा?

सांगोला किंवा घोडेगावच्या जनावरांच्या बाजारात गाय विकत घ्यायला आलेला शेतकरी काय काय पाहतो? तो तिचे दात पाहतो, कास चाचपतो, कितव्या वेताची ते विचारतो, तिला चार पावले चालवून बघतो आणि मग रुमालाखाली बोटे धरून सौदा ठरतो. या पाहणीत पिढ्यान्‌पिढ्यांचे शहाणपण साठलेले आहे, यात शंका नाही. परंतु त्या गाईच्या छातीतील गाठींमध्ये क्षयाचे जंतू ठाण मांडून बसलेले असतील, तर ते या पाहणीत दिसत नाहीत. विकणाऱ्यालाही बहुधा ते ठाऊक नसतात; आणि क्वचित ठाऊक असले, तरी ते सांगण्यात त्याचे नुकसानच असते. सौदा होतो, दावे एका हातातून दुसऱ्या हातात जाते आणि गाईबरोबर रोगही नव्या दावणीला बांधला जातो.

गुरांच्या क्षयाकडे केवळ पशुवैद्यकाचा प्रश्न म्हणून पाहण्याची सवय आपल्याला लागली आहे. जंतू, लस, तपासणी हे शब्द आले की सामान्य वाचक तो विषय तज्ज्ञांवर सोपवून मोकळा होतो. वस्तुतः हा रोग कळपात शिरतो आणि पसरतो तो प्रामुख्याने माणसाने केलेल्या व्यवस्थेमुळे. जनावरांची खरेदी-विक्री, गोठ्यातील दाटी, म्हातारे जनावर राखण्याची रीत आणि रोग उघड करणाऱ्याला होणारा तोटा, या साऱ्या गोष्टी अर्थव्यवहाराच्या आहेत. म्हणूनच त्यांचा विचार गोठ्याइतकाच बाजाराच्या अंगानेही झाला पाहिजे.

न दिसणारा रोग

हा रोग मुख्यतः ‘मायकोबॅक्टेरियम बोव्हिस’ या जंतूमुळे होतो. रॉबर्ट कॉख यांनी २४ मार्च १८८२ रोजी बर्लिन येथे क्षयजंतूचा शोध जाहीर केला. गुरांना ग्रासणारा जंतू त्याच कुळातला. मात्र १९०१ साली लंडनच्या क्षयरोग परिषदेत याच कॉख यांनी गुरांच्या क्षयापासून माणसाला विशेष धोका नाही, असे मत मांडले. त्या मतामुळे मोठी खळबळ उडाली आणि ब्रिटिश सरकारने शाही आयोग नेमला. या आयोगाने १९११ सालच्या आपल्या अंतिम अहवालात नेमका उलट निर्वाळा दिला: गाईचा क्षय माणसाला होतो, आणि मुलांना तो प्रामुख्याने दुधावाटे होतो. मानेच्या गाठी सुजणे, हाडे आणि सांधे सडणे या व्याधींमागे पुष्कळदा हाच जंतू असे. ज्या बी.सी.जी. लशीची खूण आज कोट्यवधी भारतीयांच्या दंडावर आहे, ती कालमेत आणि गेरँ या फ्रेंच शास्त्रज्ञांनी गाईच्या क्षयजंतूचाच वाण वर्षानुवर्षे निर्बळ करत नेऊन तयार केली आणि १९२१ साली ती प्रथम माणसाला दिली. गुरांचा क्षय आणि माणसाचा क्षय यांचे नाते इतके जवळचे आहे.

या रोगाचे खरे सामर्थ्य त्याच्या मंदपणात आहे. लाळ्या-खुरकूत आला की जनावर लगेच लंगडते, तोंडातून लाळ गळते, गावभर बोभाटा होतो. क्षयाचे तसे नाही. बाधा झालेली गाय महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षे धडधाकट दिसते, दूध देते, गाभण राहते. पुढे ती खाल्लेले अंगी लागत नाही म्हणून खंगू लागते, ढासू लागते आणि दूध आटते. तोवर शेजारच्या जनावरांना तिने आपल्या श्वासावाटे रोग दिलेला असतो. जे दिसत नाही त्याला बाजारात किंमत नसते. आणि या रोगाच्या बाबतीत नुकसान तर दिसण्यापूर्वीच होऊन गेलेले असते.

धोका कोठे वाढतो?

निरनिराळ्या देशांत झालेल्या अभ्यासांतून काही धोके पुन्हापुन्हा पुढे आले आहेत. पहिला धोका बाहेरून आणलेल्या जनावराचा. स्वच्छ कळपात रोग आणण्याचा सर्वांत सोपा मार्ग म्हणजे न तपासलेले जनावर विकत घेणे. जितक्या अधिक ठिकाणांहून खरेदी, तितका धोका अधिक.

दुसरा धोका दाटीचा आणि कळपाच्या आकाराचा. हा रोग मुख्यतः श्वासावाटे पसरत असल्यामुळे, बंदिस्त, हवा न खेळणाऱ्या गोठ्यात गव्हाणीला तोंडाशी तोंड लावून बांधलेल्या गुरांत तो झपाट्याने फिरतो. माळावर चरणाऱ्या गुरांत त्याची गती तुलनेने मंद असते. मोठ्या कळपात एकदा शिरलेला रोग समूळ बाहेर काढणेही कठीण, कारण प्रत्येक तपासणीत एखादे बाधित जनावर निसटण्याची शक्यता कळपाच्या संख्येबरोबर वाढत जाते.

तिसरा धोका वयाचा. जनावर जितके अधिक वर्षे जगते, तितके त्याला बाधा होण्याचे प्रसंग अधिक आणि दबून राहिलेला रोग उफाळण्याचा संभवही अधिक. चौथा धोका वासरांना पाजल्या जाणाऱ्या दुधाचा. कासेला क्षय झालेल्या गाईचे कच्चे दूध वासराला पाजले, की पुढची पिढी जन्मतःच रोगाच्या दारात उभी राहते. शेजारच्या कळपाशी होणारी घसट, सामायिक पाणवठे आणि रोग पूर्वी येऊन गेलेला असणे, ही कारणेही त्यात मिळवावी लागतात.

पाचवे कारण जातीचे. इथिओपियात झालेल्या अभ्यासांत होल्स्टीन रक्ताच्या जनावरांत हा रोग देशी झेबू गुरांपेक्षा अधिक आढळला. परंतु येथे घाईने निष्कर्ष काढणे बरे नव्हे. संकरित गाय बहुधा गोठ्यात बांधूनच पाळली जाते आणि देशी गाय रानात चरते. त्याच देशातील संशोधकांना गोठ्यात कोंडलेल्या जनावरांत रोगाची तीव्रता चरणाऱ्या जनावरांपेक्षा जास्त दिसली. म्हणजे दोष रक्ताचा किती आणि राहणीचा किती, हे वेगळे करून पाहावे लागते. रक्त बदलणे शेतकऱ्याच्या हाती नाही. गोठ्याला खिडकी ठेवणे बऱ्याच अंशी आहे.

ब्रिटनचा धडा

या धोक्यांपैकी कोणता प्रमुख मानायचा, यावर एखादा देश पन्नास वर्षे कसा वाद घालू शकतो, याचे उदाहरण ब्रिटनने घालून दिले आहे. १९३० च्या दशकात त्या देशातील दुभत्या गायींपैकी सुमारे ४० टक्के गायी बाधित असाव्यात असा अंदाज होता आणि दरसाल दोन हजारांहून अधिक माणसे गुरांच्या क्षयाने मरत. १९३५ साली तपासलेल्या कळपांची ऐच्छिक योजना सुरू झाली, १९५० पासून एकेका प्रदेशात सक्तीची मोहीम निघाली आणि १९६० पर्यंत सारा देश तिच्या कक्षेत आला. तपासणी, बाधित जनावराची कत्तल आणि मालकाला भरपाई या तीन पायांवर ती योजना उभी होती. दूध निर्जंतुक करण्याच्या रीतीची जोड मिळाल्यावर माणसांतील हा रोग जवळजवळ नाहीसा झाला.

परंतु नैऋत्य इंग्लंडमधील काही कळपांतून रोग जाईना. १९७१ साली ग्लॉस्टरशायरमध्ये क्षयाने मेलेला एक बॅजर सापडला. बिळात राहणारा हा निशाचर प्राणी गुरांना रोग देऊ शकतो हे पुढे सिद्धही झाले आणि शेतकऱ्यांना एक दोषी मिळाला. १९९८ ते २००५ या काळात बॅजर मारल्याने काय होते याची मोठी शास्त्रीय चाचणी घेण्यात आली. जेथे रोग आढळल्यावर आसपासचे बॅजर मारले गेले, तेथे गुरांतील रोग कमी होण्याऐवजी वाढला, म्हणून तो भाग २००३ साली थांबवावा लागला. जेथे विस्तृत प्रदेशात सरसकट बॅजर मारले गेले, तेथे आत रोग सुमारे एक चतुर्थांशाने घटला. पण हद्दीलगतच्या पट्ट्यात जवळजवळ तितकाच वाढला, कारण वाचलेले बॅजर विस्कळित होऊन दूरवर भटकू लागले. २००७ साली या चाचणीच्या तज्ज्ञ मंडळाने अहवाल दिला की बॅजर मारून रोग आटोक्यात येण्यासारखा नाही. गुरांकडून गुरांना होणारा प्रसार रोखण्यावरच भर द्यावा लागेल. तरीही २०१३ पासून इंग्लंडमध्ये पुन्हा बॅजर मारण्यास प्रारंभ झाला आणि त्यात दोन लाखांहून अधिक प्राणी मारले गेले. ही मोहीम आपल्या संसदेच्या मुदतीत संपवण्याचे आश्वासन तेथील नव्या सरकारने २०२४ साली दिले.

याच दरम्यान घडलेली एक गोष्ट फार बोलकी आहे. २००१ साली ब्रिटनमध्ये लाळ्या-खुरकुताची भयंकर साथ आली आणि लक्षावधी जनावरे मारावी लागली. त्या गडबडीत क्षयाची तपासणी जवळजवळ बंद पडली. साथ ओसरल्यावर रिकाम्या झालेल्या गोठ्यांसाठी शेतकऱ्यांनी दूरदूरच्या भागांतून जनावरे विकत आणली. त्यांतील पुष्कळशी न तपासलेलीच होती. परिणामी ज्या भागांत पूर्वी क्षय फारसा नव्हता, तेथेही तो जाऊन पोहोचला. ट्रकमधून उतरलेल्या या रोगाला बॅजर कारण नव्हता. जनावर हलवण्यापूर्वी तपासणीची सक्ती इंग्लंडमध्ये २००६ साली झाली. वन्यप्राण्याचा वाटा नाकारण्याचे कारण नाही. परंतु दोष रानातल्या प्राण्यावर ढकलणे सोपे आणि बाजाराला शिस्त लावणे कठीण, म्हणून पहिली गोष्ट आधी केली जाते, एवढे मात्र खरे.

अमेरिकेचा हिशेब

अमेरिकेतील अनुभव अर्थशास्त्राच्या अंगाने अधिक उद्बोधक आहे. अॅलन ओल्मस्टेड आणि पॉल ऱ्होड या दोन अर्थशास्त्रज्ञांनी त्याचा सविस्तर इतिहास लिहिला आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी ज्या राज्यांनी तपासणीचे कायदे केले, त्यांतील बाधित गुरे कायदे नसलेल्या राज्यांत विकली जाऊ लागली. ट्यूबरक्युलिनची चाचणी उपलब्ध झाल्यामुळे आपले कोणते जनावर रोगी आहे हे मालकाला कळू लागले होते. पण ते ज्ञान रोग थांबवण्यासाठी न वापरता रोगी जनावर खपवण्यासाठी वापरणारेही निघाले. इलिनॉय राज्यातील जेम्स डॉर्सी नावाच्या व्यापाऱ्याने खोट्या दाखल्यांच्या आधारे क्षयग्रस्त गुरे मोठ्या प्रमाणावर अनेक राज्यांत विकली. चाचणीच्या थोडे आधी जनावराला गुपचूप तेच औषध टोचले की खऱ्या चाचणीला ते प्रतिक्रिया देत नाही, ही युक्तीही त्या काळी प्रचलित होती.

याचा अर्थ असा की नुसती चाचणी हाती असून भागत नाही. तिचा निकाल सांगणाऱ्याचे हित त्या सांगण्यात असावे लागते. १९१७ साली अमेरिकेच्या संघ सरकारने आणि राज्यांनी मिळून निर्मूलनाची योजना आखली, तीत हे सूत्र होते. बाधित जनावर मारल्यावर मालकाला होणाऱ्या तोट्याचा काही भाग संघ सरकार आणि काही भाग राज्य सरकार देई. उरलेला मालकाने सोसायचा. स्वच्छ ठरलेल्या कळपांना आणि जिल्ह्यांना मान्यता मिळे व त्यांच्या मालाला बाजार मिळे. १९४० पर्यंत सुमारे ३८ लाख गुरे मारली गेली आणि देशातील प्रत्येक जिल्ह्यात रोगाचे प्रमाण अर्ध्या टक्क्याखाली आले. हे सारे सुखासुखी झाले नाही. १९३१ साली ऐन मंदीत आयोवा राज्यातील शेतकरी तपासणीविरुद्ध उठले आणि राज्यपालांना सैन्य पाठवावे लागले. दुधाला भाव नाही, गाईला किंमत नाही आणि भरपाई अपुरी, अशा वेळी सरकारी डॉक्टर गोठ्यात शिरला तर तो शत्रूच वाटणार. त्या शेतकऱ्यांना अडाणी म्हणून सोडून देणे अन्यायाचे होईल. त्यांचा हिशेब त्यांच्या परीने बरोबर होता.

आपल्याकडील पेच

आता भारताकडे वळू. २०१९ च्या पशुगणनेनुसार देशात गायी, म्हशी आणि तत्सम जनावरांची संख्या ३० कोटींहून अधिक आहे. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात तोवरच्या भारतीय पाहण्या एकत्र करून बाधेचे प्रमाण सुमारे ७.३ टक्के काढण्यात आले. त्या हिशेबाने बाधित जनावरांची संख्या दोन कोटींच्या पुढे जाते. या पाहण्या सर्वत्र सारख्या झालेल्या नाहीत, तेव्हा आकडा अंदाजाचाच मानला पाहिजे. तथापि त्याचा निम्मा जरी खरा धरला, तरी तो अनेक देशांच्या एकूण पशुधनाइतका भरतो. त्यात आणखी एक गुंतागुंत आहे. वेल्लोर येथील रुग्णांच्या नमुन्यांचा अभ्यास २०२० साली प्रसिद्ध झाला, त्यात बोव्हिसऐवजी ‘मायकोबॅक्टेरियम ओरिजिस’ हा त्याच कुळातला दुसरा जंतू आढळला. म्हणजे पाश्चात्त्य देशांच्या पुस्तकातला जंतू तेवढाच शोधत बसलो, तर घरचा निसटायचा.

आपल्याकडे दोन गोष्टी रोगाच्या आड येतात. दोन-चार गुरांचे लहान गोठे आणि दूध उकळून पिण्याची घरोघरची रीत. ही रीत नसती तर काय झाले असते, याची कल्पना ब्रिटनच्या जुन्या आकड्यांवरून यावी. परंतु उकळण्याने दुधातला जंतू मरतो, गोठ्यातल्या हवेतला नव्हे. पहाटे अंधाऱ्या गोठ्यात गाईच्या कुशीला डोके टेकून धार काढणाऱ्या बाईला तो आधार नाही. उलट माणसाचा क्षय गुरांना झाल्याचीही उदाहरणे भारतात नोंदली गेली आहेत. जगातील क्षयरुग्णांपैकी सुमारे एक चतुर्थांश ज्या देशात आहेत, तेथे ही दुतर्फा वाट दुर्लक्षिण्याजोगी नाही.

त्यातच दुधाचा धंदा बदलत आहे. लहान गोठ्याच्या जागी दहा, वीस, पन्नास संकरित गायींचे बंदिस्त गोठे उभे राहत आहेत आणि त्यांच्यासाठी जनावरे दुसऱ्या जिल्ह्यांतून, परराज्यांतून येत आहेत. मुंबईच्या तबेल्यांत दूरदूरच्या प्रांतांतून म्हशी आणण्याची प्रथा तर फार जुनी. मोठा कळप, दाटी आणि परगावची खरेदी हे तिन्ही धोके अशा रीतीने एकाच छपराखाली येत आहेत.

येथे पाश्चात्त्यांचा उपाय, म्हणजे तपासा आणि मारा, लागू पडत नाही. महाराष्ट्रात १९७६ च्या कायद्याने गाईच्या कत्तलीस मनाई आहे आणि २०१५ पासून बैल व वळूही त्या मनाईखाली आले. हा समाजाच्या श्रद्धेचा आणि कायद्याचा प्रश्न आहे. तो मान्य करूनच पुढचा विचार केला पाहिजे. पण त्या निर्णयाचा खर्च कोणी तरी भरावा लागतो. २००९ च्या पशुरोग प्रतिबंधक केंद्रीय कायद्याच्या यादीत गुरांचा क्षय आहे. रोगाची वर्दी देणे आणि रोगी जनावर वेगळे बांधणे हे मालकाचे कर्तव्य ठरवलेले आहे. ज्याच्याकडे दोनच गायी आणि एकच छप्पर आहे, त्याने रोगी गाय वेगळी कोठे बांधायची? आटल्यावर तिला वैरण कोठून घालायची? भरपाई नाही, कत्तल नाही, जागा नाही. अशा स्थितीत तपासणी करून घेणे म्हणजे आपण होऊन आपली गाय कवडीमोल ठरवणे. शहाणा शेतकरी तपासणीच्या वाटेला जात नाही. त्यापेक्षा गाय खंगू लागली की ती बाजार दाखवतो किंवा गोशाळेत सोडतो. आणि गोशाळेत काय असते? निरनिराळ्या गावांची, म्हातारी, अशक्त, भाकड गुरे, दाटीने आणि दीर्घकाळ एकत्र. भूतदयेपोटी उभ्या राहिलेल्या संस्थेत रोगाला हवे ते सारे अनायासे जमून येते, हा दोष दयेचा नव्हे. दयेला शास्त्राची आणि पैशाची जोड न दिल्याचा आहे.

काय करता येईल?

पहिली गोष्ट, तपासणी खरेदीच्या वेळी झाली पाहिजे. ट्यूबरक्युलिनची चाचणी टोचल्यानंतर ७२ तासांनी पाहावी लागते, म्हणजे डॉक्टरच्या दोन खेपा. बाजाराच्या दिवशी ते शक्य नाही; पण नवे जनावर वेगळे बांधून तपासणे आणि सुमारे ६० दिवसांनी पुन्हा तपासणे मोठ्या गोठ्यांना अशक्य नाही. या चाचणीत पाच बाधित जनावरांपैकी एखादे सुटू शकते, म्हणून एकदाच्या तपासणीवर विसंबणे चुकीचे. दुसरी गोष्ट, जनावरांच्या कानात आज बारा आकडी बिल्ला असतो. त्या क्रमांकाशी तपासणीचा निकाल जोडला गेला, तर विकणाऱ्याचे मौन निरुपयोगी ठरेल आणि स्वच्छ जनावराला अधिक भाव मिळेल. तिसरी गोष्ट, वासरांना दूध उकळून, कोमट करूनच पाजावे. ही काळजी बिनखर्चाची आहे. चौथी, गोशाळांना मिळणाऱ्या अनुदानातच प्रवेशाच्या वेळची तपासणी आणि बाधितांसाठी वेगळा गोठा यांची तरतूद असावी.

या सर्वांच्या मुळाशी मात्र भरपाईचा प्रश्न आहे. मारलेल्या जनावराची भरपाई जगाला ठाऊक आहे. वेगळे बांधून मरेपर्यंत पोसण्याच्या जनावराची भरपाई ही आपल्याला आपल्या परिस्थितीतून घडवावी लागेल. २०१९ साली केंद्र सरकारने लाळ्या-खुरकूत आणि सांसर्गिक गर्भपात या दोन रोगांसाठी १३,३४३ कोटी रुपयांची योजना मंजूर केली; क्षय तीत नव्हता. लशीच्या बाजूने आशा दिसते. इथिओपियात झालेल्या आणि २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात बी.सी.जी. टोचलेल्या गुरांत रोगाचा प्रसार जवळजवळ ९० टक्क्यांनी घटल्याचे आढळले. लस टोचलेले जनावर नेहमीच्या चाचणीत बाधितासारखे दिसते, ही तिची अडचण; दोहोंतील फरक ओळखणाऱ्या नव्या चाचण्यांवर काम झालेले आहे. जेथे कत्तल नाही, तेथे लशीचे मोल अधिकच.

लस येईल तेव्हा येईल. तोवर एक गोष्ट स्पष्ट समजून घेतली पाहिजे. रोग लपवणारा शेतकरी वाईट नसतो. खरे बोलण्याची किंमत त्याला एकट्याला मोजावी लागते आणि न बोलण्याची किंमत सारे गाव मोजते. ही किंमत सर्वांनी मिळून उचलली, तरच सांगोल्याच्या बाजारात दात आणि कास पाहिल्यानंतर गिऱ्हाईक आणखी एक प्रश्न विचारील, आणि विकणाराही त्याचे खरे उत्तर देईल.